क्रीडागार : नवी उभारणी, नगर आणि प्रेक्षक

मैदानी खेळांचे सामने मोठ्या जनसमुदायाला निर्वेधपणे पाहता यावेत, म्हणून क्रीडाक्षेत्राभोवती चढत्या आसनरांगा रचून बांधलेली वास्तू म्हणजे क्रीडागार. व्यवहारात ‘स्टेडियम’ हाच शब्द रूढ आहे. तो ‘स्टेडिऑन’ या ग्रीक शब्दापासून आला असून मुळात ते अंतराचे माप होते. ऑलिंपिया येथील धावपट्टी सु. १९२ मी. लांबीची होती. मापावरून शर्यतीला, शर्यतीवरून जागेला व पुढे वास्तूला हे नाव मिळाले.

क्रीडागाराचा विचार सामान्यतः स्थापत्य, आसनक्षमता व खर्च या अंगांनी केला जातो. तथापि नवे क्रीडागार का उभे राहते आणि नगरवासी व प्रेक्षक त्याचा स्वीकार कसा करतात, हे समजण्यास आसनांची वाटणी हे चौथे अंग अधिक उपयोगी पडते. ही वाटणी प्राचीन आहे. रोम येथील कलॉसियम (इ. स. ८०) या प्रेक्षागारात खालच्या रांगा अमीर-उमरावांसाठी राखीव असत, तर गरीब नागरिक व स्त्रिया यांना सर्वांत वरच्या रांगांत बसावे लागे. आधुनिक क्रीडागारात जन्मसिद्ध दर्जाची जागा सभासदत्व, संलग्नता, निमंत्रण व तिकिटाची किंमत यांनी घेतली. मुंबईतील क्रीडागारांचा इतिहास हे याचे बोलके उदाहरण होय.

मुंबईतील क्रीडागारे : भारतातील पहिला अधिकृत कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर भारत व इंग्लंड यांच्यात झाला. प्रेक्षकांसाठी तेथे तात्पुरत्या बैठका उभाराव्या लागल्या. हा जिमखाना यूरोपीयांचा होता व भारतीयांना त्याचे सभासदत्व मिळत नसे. क्रिकेटसाठी स्वतंत्र व कायम स्वरूपाचे क्रीडागार हवे, ही निकड त्या सुमारास तीव्रतेने जाणवू लागली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘क्रिकेट क्लब ऑफ इंडिया’ या संस्थेने चर्चगेटजवळ, समुद्र हटवून मिळविलेल्या बॅक बेच्या भरणीच्या जमिनीवर असे क्रीडागार बांधण्याचे ठरविले. मुंबईचे तत्कालीन राज्यपाल लॉर्ड ब्रेबर्न यांच्या हस्ते मे १९३६ मध्ये त्याची कोनशिला बसविण्यात आली व त्यांचेच नाव क्रीडागारास देण्यात आले. डिसेंबर १९३७ मध्ये लॉर्ड टेनिसन यांच्या संघाविरुद्धच्या सामन्याने त्याचे उद्‌घाटन झाले.

नव्या वास्तूबरोबर नवा वादही आला. मुंबईत जमातवार संघांची पंचरंगी स्पर्धा त्या वर्षीपासून ब्रेबर्न स्टेडियमवर भरू लागली. परंतु आपल्या वाट्यास आलेली आसने अपुरी असल्याच्या कारणावरून हिंदूंनी १९३७ च्या स्पर्धेत आपला संघ उतरविला नाही. क्रीडागाराच्या पहिल्याच हंगामात मोठा प्रेक्षकवर्ग असलेला संघ मैदानाबाहेर राहिला, तो खेळपट्टीमुळे नव्हे, तर जागांच्या वाटणीमुळे, ही बाब लक्षणीय आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात १९४८ ते १९७३ यांदरम्यान ब्रेबर्न स्टेडियमवर १७ कसोटी सामने झाले. मैदानाची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे होती, तर मुंबईतील सामन्यांचे यजमानपद बॉम्बे क्रिकेट असोसिएशन (नंतरची मुंबई क्रिकेट असोसिएशन) या संस्थेकडे होते. क्लबला आपल्या सभासदांची सोय पाहणे भाग होते. असोसिएशनला आपल्याशी संलग्न असलेल्या मैदानी क्लबांना तिकिटे पुरवावयाची होती. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क यांसारख्या मैदानांवर तंबू ठोकून वर्षभर खेळ जिवंत ठेवणाऱ्या या क्लबांचा मोठ्या सामन्यावर हक्क आहे, ही असोसिएशनची भूमिका होती. दोन्ही दावे आपापल्या परीने रास्त होते. परंतु आसने तेवढीच होती. फेब्रुवारी १९७३ मधील इंग्लंडविरुद्धचा सामना हा या पर्वातील शेवटचा ठरला.

असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव कृष्णराव वानखेडे हे त्या काळी महाराष्ट्र विधानसभेचेही अध्यक्ष होते. त्यांच्या पुढाकाराने असोसिएशनने ब्रेबर्न स्टेडियमपासून एक किलोमीटरच्या आतच, रेल्वेमार्ग व मरीन ड्राइव्ह यांच्या दरम्यानच्या चिंचोळ्या भूखंडावर स्वतःचे क्रीडागार उभारले. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी आखलेली ही वास्तू सु. तेरा महिन्यांत पुरी झाली. जानेवारी १९७५ मध्ये भारत व वेस्ट इंडीज यांच्यातील निर्णायक कसोटी सामना तेथे खेळविण्यात आला. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा काढल्या. त्यांचे अभिनंदन करण्यास मैदानात धावलेल्या एका तरुणास पोलिसांनी मारहाण केल्यामुळे प्रेक्षक प्रक्षुब्ध झाले व खेळात व्यत्यय आला. सामन्याच्या निकालाहून प्रेक्षकास मिळालेली वागणूक त्यांना अधिक झोंबली, असे यावरून दिसते.

एकाच नगरात, हाकेच्या अंतरावर दोन मोठी क्रीडागारे असणे हा अपव्यय होय, ही टीका तेव्हापासून होत आली आहे. तथापि मुंबईकर प्रेक्षकांनी वानखेडे स्टेडियम लवकरच आपलेसे केले. चर्चगेट व मरीन लाइन्स या स्थानकांच्या सान्निध्यामुळे उपनगरांतील प्रेक्षकास लोकल गाडीने येऊन पायीच प्रवेशद्वार गाठता येते. तेथील उत्तरेकडील कक्षा जाणत्या व बोलक्या प्रेक्षकांसाठी प्रसिद्ध झाली.

२०११ च्या विश्वचषक स्पर्धेसाठी वानखेडे स्टेडियमची मोठ्या प्रमाणावर पुनर्रचना करण्यात आली. दृष्टीआड येणारे खांब टाळणारे, मागील बाजूने तोललेले छत आणि स्वतंत्र आसने यांमुळे प्रेक्षकांची सोय वाढली. मात्र आसनक्षमता सु. ४५,००० वरून सु. ३३,००० पर्यंत उतरली. २ एप्रिल २०११ रोजी झालेल्या भारत-श्रीलंका अंतिम सामन्याची बहुतेक तिकिटे संलग्न क्लब व आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद यांच्याकडे गेली आणि सर्वसामान्यांसाठी सु. ४,००० तिकिटेच उरली. नोव्हेंबर २०१३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या दोनशेव्या व अखेरच्या कसोटी सामन्याच्या वेळीही खुल्या विक्रीसाठी सु. ५,००० तिकिटे होती. दोन्ही वेळा संगणकीय विक्रीव्यवस्था मागणीच्या भाराखाली कोलमडली. जागांच्या वाटणीतून जन्मलेल्या क्रीडागारातही वाटणीचा प्रश्न सुटला नाही. केवळ वाटणी करणारी संस्था बदलली.

सुरक्षितता व आसनक्षमता : क्षमता घटण्यामागे सुरक्षिततेचे कारणही असते. क्षमतेहून अधिक तिकिटे खपविल्यामुळे १ जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर दंगल उसळली. इंग्लंडमध्ये शेफील्ड येथील हिल्सबरो क्रीडागारात १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीने अखेरीस ९७ जणांचे बळी घेतले. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालानुसार (१९९०) वरच्या दोन श्रेणींतील फुटबॉल क्रीडागारांत उभ्याने सामना पाहण्याच्या पायऱ्या रद्द करून सर्वत्र आसने बसविण्यात आली. यामुळे जीवित सुरक्षित झाले. पण स्वस्त तिकिटावर, खांद्याला खांदा भिडवून गाणी म्हणणारा श्रमिक प्रेक्षक दुरावला, अशी खंत तेथे व्यक्त होत राहिली. २०२२ पासून कठड्यांची सोय केलेल्या ठरावीक भागांत उभे राहण्यास पुन्हा अनुमती देण्यात आली. ब्राझीलमधील माराकाना क्रीडागारात १९५० च्या विश्वचषकातील निर्णायक सामन्यास सु. दोन लाख प्रेक्षक होते. २०१४ च्या स्पर्धेसाठी नूतनीकरण झाल्यावर त्याची क्षमता सु. ७८,००० राहिली, मैदानालगतचा स्वस्त, उभ्याने पाहण्याचा भाग २००५ मध्येच काढून टाकण्यात आला होता.

नगराबाहेरील क्रीडागारे : नगरात जमीन दुर्मिळ झाल्याने क्रीडागारे वेशीबाहेर जाऊ लागली. नागपुरात सिव्हिल लाइन्समधील जुन्या मैदानाऐवजी २००८ पासून वर्धा मार्गावरील जामठा येथील नवे क्रीडागार वापरात आले. सोयींच्या दृष्टीने ते निश्चितच सरस आहे. परंतु पायी किंवा सायकलवर येऊन कसोटी सामन्याचा एखादा प्रहर पाहून जाण्याची जुनी सवय अंतरामुळे मोडली. पुण्यात महानगरपालिकेच्या मालकीचे नेहरू स्टेडियम शहराच्या मध्यभागी आहे, तर महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे २०१२ मध्ये सुरू झालेले क्रीडागार द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी तेथे उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी वेळेवर मिळाले नाही व असोसिएशनला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

पाणी हा क्रीडागार व परिसर यांच्यातील संघर्षाचाही विषय झाला आहे. २०१६ च्या दुष्काळात खेळपट्ट्या व हिरवळ राखण्यासाठी होणाऱ्या पाण्याच्या वापरास मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. न्यायालयाच्या आदेशाने ३० एप्रिलनंतरचे इंडियन प्रीमियर लीगचे बहुतेक सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्यात आले. क्रीडागाराचा हिशेब केवळ तिकीटखिडकीवर होत नाही, हे या घटनेने स्पष्ट केले.

नगरांचा प्रतिसाद : क्रीडागारामुळे नगराचा लौकिक व व्यापार वाढेल, या अपेक्षेने सार्वजनिक निधी खर्च केला जातो. तथापि त्याचा भार दीर्घकाळ रेंगाळू शकतो. माँट्रिऑल येथील १९७६ च्या ऑलिंपिक क्रीडागाराचे कर्ज फिटण्यास तीस वर्षे लागली. लॉस अँजेल्समध्ये शाव्हेझ रव्हीन वस्तीतील मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची घरे आधी सार्वजनिक गृहयोजनेसाठी म्हणून घेण्यात आली. ती योजना बारगळल्यावर जमीन बेसबॉल संघास देण्यात आली व उरलेल्या कुटुंबांना १९५९ मध्ये बळाने बाहेर काढण्यात आले. तेथे १९६२ मध्ये डॉजर स्टेडियम सुरू झाले. जून २०१३ मध्ये ब्राझीलच्या अनेक नगरांत निदर्शने झाली. शाळा व रुग्णालये यांची हेळसांड होत असताना क्रीडागारांवर अमाप खर्च का, हा निदर्शकांचा एक प्रमुख सवाल होता. फुटबॉल हा ज्यांचा जिव्हाळ्याचा खेळ, त्यांनीच तो विचारावा याला विशेष अर्थ आहे.

संघाचे समर्थकही नव्या वास्तूचे नेहमीच स्वागत करतात असे नाही. लंडनमधील वेस्ट हॅम युनायटेड या संघाने १९०४ पासूनचे आपले मैदान २०१६ मध्ये सोडले व २०१२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या क्रीडागारात स्थलांतर केले. धावपट्टीला सामावून घेणाऱ्या रचनेमुळे आसने मैदानापासून दूर पडली. तिकिटे स्वस्त व आसने अधिक असूनही असंतोष धुमसत राहिला आणि मार्च २०१८ मधील एका सामन्यात समर्थकांनी मैदानात घुसून निषेध नोंदविला. यावरून क्रीडागाराशी प्रेक्षकाचे नाते आसनाच्या सोयीइतकेच सान्निध्य, सवय व स्मृती यांवर अवलंबून असते, हे दिसून येते.

क्रीडागाराचे नियोजन करताना रेल्वे व बससेवेची जवळीक, पाणी व सावली, विस्थापितांचे पुनर्वसन आणि सामन्यांखेरीज इतर दिवसांचा उपयोग या बाबी आरंभीच निश्चित होणे आवश्यक असते. त्यांबरोबरच एकूण आसनांपैकी किती आसने खुल्या विक्रीसाठी राहतील, हेही बांधकामापूर्वी जाहीर होणे इष्ट ठरते. सार्वजनिक जमीन, पाणी व निधी यांचा आधार घेणाऱ्या वास्तूत रांगेत उभे राहून तिकीट काढणाऱ्याचा वाटा किती, यावर नगर तिला आपले मानते की नाही, हे बव्हंशी ठरते.

पहा : ऑलिंपिक क्रीडासामने, क्रिकेट, फुटबॉल.