बेवारस गाडीचा धनी कोण?

शहरांतील एखाद्या आळींत म्युनिसिपालिटीच्या दिव्याखालीं एक मोटार महिनोंमहिने उभी असते. चाकांतील हवा गेलेली, कांचेवर धुळीचा थर, टपावर मांजर निजलेलें. पावसाळ्यांत तींत पाणी सांचतें व डांस होतात. आजाऱ्यास न्यावयास गाडी आली तर तिला वळावयास जागा उरत नाहीं. शेजारीपाजारी त्या मोटारीस बेवारस म्हणतात. कायद्याच्या दृष्टीनें हा शब्द बहुधा खोटा ठरतो. कारण तिच्या नंबरासमोर सरकारी नोंदवहींत कोणाचें तरी नांव असतेंच.

भारतांत यासंबंधीं १९८८ चा मोटार वाहन कायदा लागू आहे. सार्वजनिक जागीं १० तास किंवा अधिक वेळ टाकून दिलेली गाडी हलविण्याचा अथवा तिचें चाक जखडण्याचा हुकूम, १२७ व्या कलमान्वयें, त्या हद्दींतील गणवेशधारी पोलीस अंमलदार देऊं शकतो. मोडकी वा जळकी गाडी रहदारीस धोका करीत असेल, तर १० तास थांबण्याचेंही कारण नाहीं. ओढून नेण्याचा खर्च मालकाच्या माथीं. दंड व्हावयाचा तो निराळाच.

मग मालक कोण? येथेंच पुष्कळ भल्या माणसांची फसगत होते. गृहस्थ जुनी मोटार विकतो, पैसे मोजून घेतो, किल्ली देतो आणि निश्चिंत होतो. घेणारा ती तिसऱ्यास देतो, तिसरा चवथ्यास. परंतु दुसऱ्या कलमांतील व्याख्येप्रमाणें, ज्याच्या नांवें वाहन नोंदलेलें तो मालक. (हप्त्यानें घेतलेल्या गाडीपुरता मात्र कायदा ताबा पाहतो.) २०१८ सालीं असें एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें. गाडी हातोहात फिरली होती, नांव पहिल्याचेंच राहिलें होतें, आणि तिच्या चाकाखालीं एकाचा जीव गेला होता. पीडितांनीं खरेदीदारांची सांखळी धुंडाळीत हिंडावें, हें न्यायालयास पटलें नाहीं. भरपाईचा बोजा त्यानें नोंदलेल्या मालकावरच टाकला. बिचाऱ्यानें गाडी केव्हांच विकली होती!

वास्तविक उपाय किती सोपा आहे! गाडी त्याच राज्यांत विकल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांत नोंदणी कचेरीस कळवावयाचें असतें. घेणाऱ्याच्या भरंवशावर राहूं नये. त्यास नांव बदलण्याची निकड क्वचितच असते.

गाडी कायमची निकामी झाली असेल, तरी ५५ व्या कलमाप्रमाणें १४ दिवसांत तसें कळवून नोंदणीचा दाखला परत धाडावा लागतो. २०२१ च्या नियमांन्वयें नोंदलेल्या मोडणी केंद्रांत ती दिली, तर तेथें तसें प्रमाणपत्रही मिळतें. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याकडून तें मिळत नाहीं.