बाळाला माणूस केव्हा ‘दिसतो’?

सातारा जिल्ह्यातील औंध येथे यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे पाषाणशिल्प आहे. तपशिलापेक्षा घाटावर भर देणे ही मूर यांची शैली. तरीही त्या दगडात आपल्याला माणसे दिसतात. आपल्या कडेवरच्या वर्षभराच्या बाळाला मात्र ती दिसत असतील का, याविषयी शंका आहे.

चेहऱ्याची ओढ जन्मजात असते. नवजात बाळाची नजर २० ते ३० सेंटिमीटरवर स्थिरावते. अंगावर पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. शरीराचे तसे नाही. व्हर्जिनिया स्लॉटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात केलेले प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत बाळांना माणसांची नेहमीची व विस्कटलेली चित्रे दाखवली गेली. काहींत हात चक्क डोक्यातून फुटलेले! अनपेक्षित गोष्टीकडे बाळ अधिक वेळ पाहते. विस्कटलेला चेहरा वर्षाच्या बाळांना खटकला, पण विस्कटलेले शरीर अठराव्या महिन्यापर्यंत खटकले नाही. पुढे २०१० च्या अभ्यासात चित्राऐवजी जिवंत माणूस समोर आला, तेव्हा नऊ महिन्यांच्या बाळांनाही फरक जाणवला.

म्हणजे अडचण शरीराच्या ओळखीपेक्षा चित्राच्या ओळखीची असावी. अर्थात हा वाद मिटलेला नाही. तीन महिन्यांच्या बाळांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरी विस्कटलेल्या शरीराला वेगळा प्रतिसाद देतात, असे २००५ मध्ये आढळले. मेंदूला जे टिपता येते, ते नजरेतून लगेच व्यक्त होतेच असे नाही. शिवाय शरीर हलते. अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवरचे केवळ प्रकाशबिंदू दाखवले, तरी चार महिन्यांची बाळे विस्कळीत हालचालींपेक्षा त्यांकडेच अधिक पाहतात.

स्वतःच्या देहाची जाण तर त्याहून आधीची. स्वतःचा हात गालाला लागणे आणि दुसऱ्याचे बोट लागणे, यांतला भेद नवजात बाळालाही कळतो, असे १९९७ च्या एका प्रयोगात दिसून आले. आपल्याकडील तेल लावण्याच्या रिवाजात असा परका स्पर्श रोज भरपूर मिळतो. काही महिन्यांच्या बाळासाठी रंगीत चित्रतक्ते विकत आणणाऱ्या पालकांना हे सांगावेसे वाटते, की त्या वयात तक्त्यापेक्षा तो हातात धरणारे माणूसच बाळाला अधिक उमगते. तक्त्यावरचा माणूस त्याला दीड वर्षाच्या सुमारास नीट कळू लागतो. ‘नाक कुठे, पोट कुठे’ हा खेळही तेव्हाच रंगात येतो. कोपर आणि घोटा मात्र बऱ्याच उशिरा सापडतात.