डॅनइलेक्ट्रो गिटार : काटकसरीपासून शैलीपर्यंत

काटकसरीतून निघालेली रचना कालांतराने शैली कशी ठरते, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेतील डॅनइलेक्ट्रो ही विद्युत् गिटार होय. नेथन डॅनियल यांनी १९४७ साली स्थापिलेल्या या कंपनीने १९५४ पासून स्वस्त गिटारी बनविल्या. सीअर्स या विक्रीसंस्थेमार्फत त्या ‘सिल्व्हरटोन’ नावाने विकल्या जात. लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड बसवून गिटारीचे अंग सिद्ध होई. तारांचे कंपन टिपणारे चुंबकीय पिकअप लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत बसविले जात.

१९६९ मध्ये कारखाना बंद पडला. १९९० नंतरच्या दशकाअखेरीस नव्या मालकांनी हीच रूपे पुन्हा बाजारात आणली, तेव्हा त्यांच्या नावांत ५६, ५९ असे अंक आले. मूळ गिटारींना असा अंक अनावश्यक होता, कारण त्या आपल्याच काळाच्या होत्या. नव्या नावातील अंक निर्मितीचे वर्ष दर्शवीत नाही. कोणत्या वर्षाचे रूप घेतले, एवढेच तो सांगतो.

पुढील काही आवृत्त्यांत शिसवी पट्टीच्या घोडीऐवजी सूर जुळविता येणारी धातूची घोडी आली. हार्डबोर्ड व नळ्या मात्र राहिल्या. पूर्वी किमतीसाठी पत्करलेले हे घटक आता ओळखीसाठी जपले जातात.