विमानाचा तोल व स्वयंचालक

आकाशांतून विमान जातांना पाहिलें म्हणजे पुष्कळांची अशी समजूत होते कीं, एकदां विमान हवेंत चढलें कीं पुढें यंत्र आपलें आपण चालतें व वैमानिक केवळ पाहत बसतो. ही समजूत अर्धी खरी आहे. आणि अर्धें सत्यच अनेकदां घातक ठरतें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकजण हल्लीं संगणकावर आभासी विमान, म्हणजेच सिम्युलेटर, चालवितात. धावपट्टी सोडतांच ते 'ऑटोपायलट' ऊर्फ स्वयंचालक याची कळ दाबतात. विमान एकदम नाक खालीं घालतें किंवा उभेंच चढूं लागतें, आणि मग ते यंत्राला बोल लावितात. हा दोष बहुधा कोठें असतो, तें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तोल म्हणजे काय तें पाहूं. बैलगाडी भरणाऱ्या गाडीवानास तो वेगळा शिकवावा लागत नाहीं. ओझें मागें अधिक झालें तर गाडी उलाळते. पुढें अधिक झालें तर जूं बैलांच्या मानेवर रुतून बसतें. विमानाचेंही तसेंच आहे. उतारू, सामान व इंधन यांच्या मांडणीप्रमाणें त्याचा गुरुत्वमध्य पुढेंमागें सरकतो, आणि तोल राखण्याचें काम शेपटाकडील आडव्या पंखाकडे असतें. या पंखाचे दोन भाग असतात. पुढचा मोठा भाग तो 'स्टॅबिलायझर', व त्याच्या मागील कडेस बिजागरीनें जोडलेला लहान भाग तो 'एलेव्हेटर'. वैमानिक पुढ्यांतील दांडा ओढतो किंवा ढकलतो तेव्हां एलेव्हेटर हलतो. परंतु तासन् तास दांडा ओढून धरणें कोणाच्याही हातास झेपणार नाहीं. म्हणून मोठा भागच बेतानें कलवून ठेवावयाचा, म्हणजे दांडा सैल सोडला तरी नाक जागच्या जागीं राहतें. यासच 'ट्रिम' करणें म्हणतात. बोइंग ७३७ या विमानांत दोघां वैमानिकांच्या गुडघ्यांजवळ ट्रिमचें एकेक चाक असतें, व त्यावर पांढरा पट्टा असतो. स्टॅबिलायझर हलूं लागला कीं हीं चाकें खडखडत फिरतात. विजेचा प्रवाह तोडला तर चाकांतील मूठ बाहेर काढून तीं हातानेंही फिरवितां येतात.

उड्डाणापूर्वीं विमानाचें वजन, गुरुत्वमध्य व फ्लॅपांची स्थिति यांवरून ट्रिमचा आंकडा काढतात व चाक त्या आंकड्यावर आणून ठेवितात. चाकाशेजारीं हिरवी पट्टी असते. कांटा तिच्याबाहेर असतां इंजिनांचा जोर उड्डाणासाठीं वाढविला, तर लागलीच भोंगा वाजतो. जमीन सोडल्यावर तोल पुनः बदलतो. वेग वाढला कीं नाक वर उचलूं पाहतें; फ्लॅप आंत घेतले कीं तोल आणखी निराळा होतो. म्हणून चांगला वैमानिक प्रत्येक बदलाबरोबर ट्रिम थोडथोडी फिरवून हातावरील भार उतरवीत जातो.

आतां स्वयंचालकाकडे वळूं. अमेरिकेचा लॉरेन्स स्पेरी यानें १९१४ सालीं पॅरिसजवळ सीन नदीवर, दांड्यावरील हात वर उचलून, आपल्या वडिलांच्या कारखान्यांतील यंत्राच्या भरंवशावर विमान चालवून दाखविलें. आजचा स्वयंचालक त्याहून पुष्कळ शहाणा आहे. तो एलेव्हेटर हलवितो व मागोमाग ट्रिमही आपणच बदलतो. परंतु ७३७ विमानांत वैमानिकाचा हात दांड्यावर जोर देत असतां तो जोडलाच जात नाहीं. यांत मोठें शहाणपण आहे. घरधन्यानें आधीं घर नीट लावावें व मगच तें दुसऱ्याच्या हवालीं करावें, असा हा नियम आहे.

घरच्या सिम्युलेटरवर नेमका हाच नियम मोडतो. खऱ्या विमानांत ट्रिम साधली कीं दांड्यावरील जोर नाहींसा होतो. घरच्या जॉयस्टिकची कमान मात्र तिला सदैव मध्याकडेच ओढीत असते. ट्रिम साधल्याची जाणीव तिच्यांतून हातास होत नाहीं. विद्यार्थी जॉयस्टिक मागें ओढूनच विमान चढवितो, ट्रिमला स्पर्शही करीत नाहीं आणि कळ दाबून हात काढतो. हातानें धरलेला भार एकाएकीं सुटतो व नाक खालीं जातें. उलट हात न काढतां ओढीतच राहिला, तर कांहीं प्रोग्रॅममध्यें यंत्र व हात यांची झोंबी चालते. उपाय सोपा आहे: चढतां चढतां ट्रिम द्यावी, तसतशी जॉयस्टिक हळूहळू मध्यावर आणावी, विमान स्थिर चढत आहे असें पाहावें व मगच कळ दाबावी.

हा केवळ खेळांतील चुकीचा प्रश्न असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. सिम्युलेटरचा जन्मच माणसें वांचविण्यासाठीं झाला आहे, असें म्हटलें तरी चालेल. एडविन लिंक याच्या वडिलांचा अमेरिकेंत पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. ऑर्गनचे भाते वापरून त्यानें १९२९ सालीं जमिनीवरच डोलणारें लांकडी विमान तयार केलें. प्रथम लोकांनीं तें जत्रेंतील खेळणें मानिलें. परंतु १९३४ सालीं टपाल नेतांना खराब हवेंत अनेक वैमानिक मेले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं.

याच विद्येंत उणीव राहिली तर काय होतें, याचा दाखला १० मार्च २०१९ रोजीं मिळाला. त्या दिवशीं अदिस अबाबाहून नैरोबीस निघालेलें ७३७ मॅक्स जातीचें विमान उडतांच वाऱ्याचा कोन मोजणारें एक उपकरण खोटें बोलूं लागलें. वैमानिकांनीं ऑटोपायलट जोडला. तो सुमारें अर्धा मिनिट टिकून सुटला. तो बंद असतांना व फ्लॅप आंत असतांनाच काम करणारी एक यंत्रणा त्या विमानांत होती. तिनें त्या खोट्या मापावर विश्वास ठेवून ट्रिम नाकाच्या खालच्या दिशेस फिरविली. वैमानिकांनीं वीज तोडून चाक हातानें फिरवूं पाहिलें. पण वेग इतका वाढला होता कीं हवेच्या दाबापुढें तें हलेना. उड्डाणानंतर सहा मिनिटांत १५७ जीव गेले. त्यापूर्वीं २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं जकार्ताहून निघालेल्या याच जातीच्या विमानांतील १८९ जण त्याच यंत्रणेपायीं प्राणांस मुकले होते. जुन्या ७३७ वरून या नव्या विमानावर येणाऱ्या वैमानिकांस सिम्युलेटरवर बसविण्याची सक्ति नव्हती. पुढें मे २०१९ मध्यें, चाक हातानें फिरविण्याचा तो कठीण प्रसंग सिम्युलेटरमध्यें बरोबर उतरत नव्हता, हेंही बोइंगनें मान्य करून दुरुस्ती केली. नोव्हेंबर २०२० मध्यें अमेरिकेनें त्या विमानास पुनः परवानगी दिली, ती यंत्रणेंत सुधारणा करून व सिम्युलेटरवरील शिक्षण आवश्यक ठरवूनच.

विद्यार्थिमित्रहो, यंत्राची निंदा करावी असा आमचा हेतु मुळींच नाहीं. यंत्र थकत नाहीं व कंटाळत नाहीं. परंतु त्याला जें माप मिळेल तेंच तें खरें मानतें; मापाची शंका घेणें हें माणसाचें काम आहे. तें काम ज्यास करावयाचें आहे, त्याच्या हातास तोलाची ओळख आधींच असली पाहिजे. तेव्हां पुढच्या वेळीं सिम्युलेटरवर बसाल, तेव्हां पहिलीं दहा उड्डाणें ती कळ न दाबतां करा. चाक किती फिरविलें म्हणजे नाक किती उचलतें, हें एकदां अंगवळणीं पडलें, म्हणजे यंत्र चुकलें तरी तें तुमच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं.