साठवलेले धान्य आणि थकलेली माणसे

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास वसलेली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. मातीची घरे, धान्याची पेवे आणि शेतीला पाणी देण्यासाठी काढलेला पाट व त्याचा बांध तेथे सापडला. जव हे त्यांचे मुख्य पीक होते. जोडीला कडधान्ये होती.

संस्कृती म्हटली की आपल्याला देवळे आणि ग्रंथ आठवतात. मला त्याआधी चुलीवरचे मडके आठवते. अन्नाच्या शोधात सतत फिरणाऱ्या टोळीत ज्याचे पाय थकले, त्याचे जगणे अवघड. शेतीने माणूस एका जागी स्थिरावला, पुढच्या हंगामापर्यंत पुरेल असा साठा घरात आला आणि दात पडलेल्या म्हाताऱ्यालाही गिळता येईल अशी पेज शिजू लागली. या सोयीची किंमतही होती. इसवी सनापूर्वी १००० नंतर हवामान कोरडे होत गेले, तशी इनामगावची ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. लोक पुन्हा शिकारीकडे वळले आणि पुढे तीनएकशे वर्षांत वस्ती उठली.

हे सारे फार दूरचे वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या मिलोची तांबडी भाकरी खाल्लेली, दुष्काळी कामावर खडी फोडून सुकडीवर दिवस काढलेली माणसे आज आपल्या घरांत आहेत. अशी आजी उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवते, तेव्हा सूनबाईंनी चिडू नये. तो हट्ट नव्हे. पीक बुडाले म्हणजे काय होते, हे त्या हातांना ठाऊक आहे. मात्र उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिलेला भात किंवा वरण वृद्धांना बाधू शकते. म्हणून ताटात थोडेच वाढावे, दोनदा वाढावे आणि कोरडी भाकरी डब्यात ठेवण्याची मुभा खुशाल द्यावी.

चावता येत नसेल तर ज्वारीच्या पिठाची उकड किंवा ताकातली आंबील करावी. तृणधान्यांत लायसिन हा प्रथिनघटक कमी असतो, डाळींत तो भरपूर असतो. तेव्हा सोबत मऊ वरण हवेच. भाकरी-वरणाची जोडी आपल्या पूर्वजांनी उगीच जमवलेली नाही. ज्वारीने साखर वाढतच नाही, हा समज मात्र खरा नाही. मधुमेहींनी तिचेही प्रमाण सांभाळावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळ किती द्यावी हे डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि गिळताना ठसका लागत असेल, तर आंबिलीसारखे पातळ पदार्थ देण्यापूर्वीही त्यांचा सल्ला घ्यावा.