पॉइंट काढणारे, पॉइंट कापणारे

घरजावई शब्द : लेखांक ९

राजगुरुनगरहून शिक्रापूरला जाताना मध्ये पाबळ लागतं. बाहेरच्या माणसाला हे गाव मस्तानीच्या समाधीमुळं माहीत असतं. बाजीरावानं तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावं इनाम दिली होती. गावच्या शेतकऱ्याला मात्र आधी आठवतं ते पाणी, खरं तर पाण्याची ओढाताण. "पॉइंट काढला का?" असं इथं कुणी कुणाला विचारलं, तर ते भाषणाच्या टिपणांबद्दल नसतं. बोअर कुठं मारायचा ती जागा ठरली का, एवढंच त्याला विचारायचं असतं.

मागच्या आठवड्यात आपण 'लाइन' पाहिली. 'पॉइंट' तिच्याहून अवघड आहे. इंग्रजी कोशात तो उघडला की अर्थ संपता संपत नाहीत. असे शब्द इंग्रजीत बरेच. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत एकट्या 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ दिलेले आहेत. पण ते अर्थ एकाच भाषेत, एकातून दुसरा असे शतकानुशतकं फुटत गेले. मराठीतल्या 'पॉइंट'चं तसं नाही. माझं म्हणणं असं, की मराठीनं हा शब्द एकदा घेतलेलाच नाही. तो सात-आठ वेळा, वेगवेगळ्या धंद्यांबरोबर आला आणि त्या त्या धंद्यानं आपल्या गरजेपुरता ठेवून घेतला. बोअरवाल्याच्या पॉइंटची आणि दूधवाल्याच्या पॉइंटची साधी ओळखही नाही.

आधी बोअरचाच घेऊ, कारण पाबळमध्ये त्याच्याइतका महागडा पॉइंट दुसरा नाही.

पुणे जिल्ह्याच्या या भागात जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात पाणी सगळीकडं सारखं पसरलेलं नसतं. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग अखंड पाषाण, मध्येच एखादी भेग, आणि पाणी असलं तर त्या भेगेत किंवा कुजलेल्या थरात. त्यामुळं एका बांधावर अडीच इंच पाणी लागतं आणि हाकेच्या अंतरावर नुसता धुरळा निघतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं सगळा खेळ त्या दोन-चार फुटांच्या जागेचा असतो. म्हणून ती 'जागा' राहत नाही, 'पॉइंट' होते. 'जागा' ऐसपैस असते. इथं नेमकी खूण हवी, चुना टाकून किंवा दगड रोवून केलेली.

हा पॉइंट काढतो कोण? पिढ्यान्‌पिढ्या तो पाणाड्या काढत आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, तो उभा राहील तिथं पाणी. किंवा हातात दुबेळक्याची ओली काठी धरायची, ती वळेल तिथं. पाणाड्याच्या हातगुणावर गावागावात श्रद्धा आहे आणि त्याच्या फसलेल्या पॉइंटांची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जर्मनीत म्यूनिकजवळ १९८७-८८ साली याची मोठी परीक्षा झाली. कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याची नळी गाड्यावरून इकडं-तिकडं सरकवायची आणि वरच्या मजल्यावर पाणाड्यानं ती कुठं आहे ते सांगायचं. परीक्षा घेणाऱ्यांना काही पाणाड्यांत कसब दिसलं. पण तेच आकडे पुढं दुसऱ्या अभ्यासकानं तपासले, तेव्हा ते अंदाजपंचे दाहोदरसेच्या पलीकडं जात नव्हते. तरीही मुरलेला पाणाड्या कधी कधी बरोबर का ठरतो, याचं उत्तर नारळात नसून त्याच्या डोळ्यांत असावं. उंबर कुठं आहे, वारूळ कुठं आहे, ओढा कुठून वळतो, हे तो चालता चालता वाचत असतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं पाहून पाणी शोधण्यावर एक अख्खा अध्यायच लिहिला आहे.

पाबळमध्ये पॉइंट काढायची दुसरी रीत रुजली ती विज्ञान आश्रमामुळं. डॉ. श्रीनाथ कालबाग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून इथं आले आणि १९८३ साली त्यांनी हा आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना हातानं काम करत शिकवायचं, आणि कामही गावाला लागणारं: वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती. गावाला सगळ्यात जास्त काय लागतं, तर पाणी. म्हणून जमिनीचा विद्युत-रोध मोजायचं तंत्र आश्रमानं हाताशी घेतलं. एका रेषेत चार सळ्या ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्ट मिळतात ते मोजायचं. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं की वीज अधिक खोलवरून फिरून येते. अखंड पाषाण विजेला फार अडवतो, पाण्यानं भरलेला कुजका थर कमी. आकड्यांची उतरंड पाहिली की खाली काय असेल याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, खात्री नव्हे. पण तो का बांधला हे तिथं दाखवता येतं, आणि चुकला तर कुठं चुकला तेही. मला या रीतीचं मोल यशापेक्षा या हिशेबात जास्त वाटतं.

गंमत अशी, की नारळवाला आणि यंत्रवाला दोघंही 'पॉइंट'च काढतात. रीत बदलली तरी शब्द तोच राहिला. आणि पॉइंट निघाल्यावर जी बोअरची गाडी येते, ती पुष्कळदा थेट तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची असते. या गाड्यांचं ते माहेरच. गाडीवरच्या पोरांना मराठी बेताचीच येते, शेतकऱ्याला तमिळ मुळीच येत नाही. पण 'पॉइंट' म्हटलं की दोघंही एकाच दगडाकडं बघतात.

आता मूळ अर्थाकडं. लॅटिनमध्ये 'टोचणे' या अर्थाचा धातू होता. टोचून पडलेली खूण, आणि टोचणारं टोक, अशा दोन बाजूंनी तो फ्रेंचमध्ये दोन शब्द होऊन आला आणि इंग्रजीत ते दोन्ही एकाच शब्दात मिसळले. मराठीला हा घोटाळा ठाऊक नाही. आपल्याकडं टिंब वेगळं आणि टोक वेगळं. बोअरचा पॉइंट टिंबाच्या बाजूचा आहे, हे उघड आहे; पुढं ड्रिल टोचायला येतं हा योगायोग.

टिंबाचीच दुसरी पोर दूध संकलन केंद्रावर भेटते. अपूर्णांकातल्या टिंबाला आपण शाळेत 'दशांश चिन्ह' म्हणायला शिकलो आणि शाळा सुटल्यावर विसरलो. 'तीन पॉइंट पाच फॅट, आठ पॉइंट पाच एसएनएफ' हे गाईच्या दुधाचं प्रमाण (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) शिरूर-दौंड भागात दूध घालणाऱ्या घरात पोरांनाही पाठ असतं. जुलै २०२३मध्ये सरकारनं याच प्रतीच्या दुधाला लिटरमागं ३४ रुपये दर ठरवला होता. पण खरी धुसफूस असते ती त्याखालच्या दुधाची. फॅट तीन पॉइंट चार लागली, की 'एक पॉइंट कमी लागला', आणि त्या एका पॉइंटाला किती पैसे कापायचे यावरून मोर्चे निघतात, रस्त्यावर दूध ओतलं जातं. इथं शब्दानं काय उडी मारली पाहा. पॉइंट हे मुळात फक्त टिंबाचं नाव. ते टिंबाच्या उजवीकडं सरकलं आणि त्या आकड्याचं, एक दशांश टक्क्याचं माप झालं. पूर्वी दुधात लॅक्टोमीटर बुडवून 'डिग्री' पाहायचे, तेव्हा भांडण डिग्रीवरून व्हायचं. यंत्र बदललं आणि भांडणाचा शब्दही.

या मापाचं कुठंच काही ठरलेलं नाही. सेन्सेक्स एक पॉइंटानं पडतो तेव्हा तो पूर्ण एक असतो. दुधातला पॉइंट एक दशांश. सुरतेच्या हिरे बाजारात कॅरटच्या शंभराव्या भागाला पॉइंट म्हणतात. आमच्या छपाईच्या धंद्यात संगणकावरचा पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग असतो. 'मजकूर बारा पॉइंटात घ्या' हे त्यातलंच. एकच नाव, चार धंदे, चार मापं, आणि कुणाचाही हिशेब त्यामुळं चुकत नाही, कारण हिऱ्याचा दलाल दुधाच्या रांगेत उभा राहिला तरी तो तिथं दुधाच्याच भाषेत बोलतो.

टोकाच्या बाजूचा पॉइंट पाहायचा तर दौंडला जावं. पुणे-सोलापूर मार्गाला मनमाडकडून येणारा फाटा दौंडला मिळतो. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायची तर रुळाची दोन निमुळती पाती सरकवावी लागतात. त्या निमुळत्या टोकांवरून इंग्रजीत त्याला 'पॉइंट्स' नाव पडलं, कायम अनेकवचनी. मराठीनं यासाठी 'सांधा' हा फार चांगला शब्द काढला होता आणि ते काम करणारा 'सांधेवाला'. गाडीनं सांधा बदलला, असं जुन्या कथा-कादंबऱ्यांतून सर्रास येतं. सांधा अजून थोडाफार टिकून आहे, सांधेवाला मात्र गेला. रेल्वेच्या भरतीत जागा निघते ती पॉइंट्समनची, आणि पोटाचा प्रश्न आला की माणूस पगारपत्रकावरचा शब्द धरतो. (पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून उलट्या बाजूला जोडावं लागे. आता दौंड कॉर्ड लाइन आहे. पण 'लाइन' गेल्या आठवड्यात झाली, तिकडं परत नको.)

टोकाचाच दुसरा प्रवास महाबळेश्वरहून सुरू होतो. इंग्रजांनी डोंगराच्या पुढं आलेल्या सुळक्यांना, कड्यांना आपल्या साहेबांची नावं दिली: एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, विल्सन पॉइंट. इंग्रजीत या 'पॉइंट'चा अर्थ डोंगराचं किंवा जमिनीचं पुढं आलेलं टोक. आपल्या पर्यटकानं टोक सोडून दिलं आणि 'जिथं थांबून काहीतरी बघायचं ती जागा' एवढंच घेतलं. मग सनसेट पॉइंट झाला, सेल्फी पॉइंट झाला. पुढं बघण्याचीही अट सुटली. आज पुणे-नगर रस्त्यानं पाट्या वाचत जा: मोबाईल पॉइंट, बिर्याणी पॉइंट, चिकन पॉइंट. लॉडविकसाहेबाला आपल्या नावाशेजारचा शब्द तंदूरशेजारी पाहून काय वाटलं असतं कोण जाणे! मला मात्र या पाट्यांत काही वावगं दिसत नाही. 'केंद्र' म्हटलं की सरकारी वास येतो, 'भांडार' म्हटलं की काका-काकूंचं दुकान वाटतं. नव्या दुकानदाराला दोन्ही नको असतं.

वायरमनचा पॉइंट निराळा. तो खांबावर नसतो, घरात असतो: लाइटचा, पंख्याचा, प्लगचा. वायरिंगचा भावच पॉइंटावर ठरतो आणि बटणापासून दिव्यापर्यंतची सगळी वायर त्या एका पॉइंटात धरलेली असते. म्हणजे हे टिंब चांगलं आठ-दहा फूट लांब असतं. आणि जुन्या स्कूटरच्या, बुलेटच्या इंजिनातला पॉइंट? तिथं धातूचे दोन ठिपके एकमेकांना टेकत आणि सुटत, सुटले की प्लगला ठिणगी. त्यांवर काजळी बसली की गाडी सकाळी रुसायची आणि मिस्त्री पॉलिश पेपर घासत म्हणायचा, "पॉइंट गेलाय." आताच्या गाड्यांत तो भागच राहिलेला नाही.

'पॉइंट' हटवून मराठी शब्द घाला, असं सांगणाऱ्यांचं पहिलं बोट 'मुद्दा'कडं जातं. वादातल्या पॉइंटाला तो चपखल बसतो, हे कबूल. पण 'मुद्दा' तरी कुठं घरचा आहे? तो अरबी-फारसीतून आलेला, दाव्याशी, कोर्टकज्जाशी नातं सांगणारा. कबड्डीत 'गुण' चालतो. वर्तमानपत्रं तोच छापतात, मैदानावर 'पॉइंट'च ओरडला जातो. बोअरच्या पॉइंटाला मात्र यातला एकही शब्द लागत नाही, आणि कुणी शोधल्याचंही दिसत नाही.

इतके अर्थ एका तोंडात राहूनही गोंधळ होत नाही, याचं श्रेय मी मराठी क्रियापदाला देतो. पॉइंट काढला म्हटलं की बोअर, नाहीतर मुलानं धड्याचे काढलेले. पॉइंट लागला, तो दुधाचा. पॉइंट पाडला किंवा टाकला, तो वायरमननं. पॉइंट घासला, तो गॅरेजात. पॉइंट घेतला, तो चढाई करणाऱ्यानं. पॉइंट लावला, तर बंदोबस्ताच्या पोलिसाला तिथं रात्र काढायची आहे. नाम परदेशी, पण अर्थाची चावी क्रियापदाच्या खिशात, आणि क्रियापद पक्कं देशी.

एकच ठिकाण आहे जिथं ही चावी चालत नाही. पारावर येऊन कुणी खाली बसत म्हणालं, "पॉइंट गेला," तर बोअर कोरडा गेला, दुधाचा दर कापला गेला, भिंतीतली वायर जळाली की पोरांच्या संघानं सामना घालवला, हे त्या वाक्यावरून सांगता येत नाही. तिथं बसलेला माणूस आधी त्याच्या चेहऱ्याकडं बघतो आणि मग विचारतो, "कशाचा रं?"

(पुढच्या आठवड्यात : 'फेज')