मेंदूतली गाठ आणि सरासरीचा आकडा

मेंदूत गाठ आहे म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘डॉक्टर, किती दिवस?’ ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या दुर्मीळ गाठीपुरतं तरी, काढलेल्या तुकड्याची जनुकीय तपासणी होईपर्यंत या प्रश्नाला कोणी आकडा देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. धडधाकट माणसाला ऐन चाळिशीत अचानक फिट येते आणि ही गाठ उघडकीला येते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशींभोवती मोकळं वलय दिसतं. गाठ ओळखण्यासाठी डॉक्टरांनी कित्येक वर्षं याच वलयावर भिस्त ठेवली. पण ते तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्यामुळे उमटतं. पुढे २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं निकषच बदलला: आयडीएच जनुकात बदल हवा, शिवाय पहिल्या गुणसूत्राची आखूड आणि एकोणिसाव्याची लांब बाजू, दोन्ही गळालेल्या हव्यात.

याने रुग्णाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे उत्तर अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं. १९९४ ते २००२ या काळात तेव्हाच्या निकषांनुसार या गाठीच्या जास्त आक्रमक प्रकाराच्या २९१ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना फक्त रेडिएशन दिलं, बाकीच्यांना त्याच्या जोडीला पीसीव्ही ही तीन औषधांची केमो. दोन्ही गटांचं मध्यक आयुष्य जवळपास सारखंच, साडेचार वर्षांच्या थोडं वर. केमो वायाच गेली म्हणायची! मात्र २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ पाठपुराव्यात गुणसूत्रांचे ते दोन्ही तुकडे गळालेले रुग्ण वेगळे काढले, तेव्हा नुसत्या रेडिएशनवर ७.३ वर्षं आणि केमोसह १४.७ वर्षं असं चित्र समोर आलं. बाकीच्यांच्या मध्यक आयुष्यात मात्र केमोने फरक दिसला नाही. सरासरीच्या एका आकड्याखाली दोन वेगळे आजार झाकले गेले होते.

असे गट मागाहून पाडले की हवा तो निष्कर्ष काढता येतो, हा आक्षेप रास्त आहे. पण युरोपातल्या स्वतंत्र चाचणीचा कलही त्याच बाजूला गेला. आशा दाखवून फसवणूक होते का? गाठ बहुधा पुन्हा वाढते, रेडिएशनचा स्मरणशक्तीवर परिणाम होऊ शकतो, हेही घरच्यांना स्पष्ट सांगायलाच हवं. जनुकीय तपासणीच्या खर्चाचा मुद्दा सर्वांत खरा. त्यावर थोडा मार्ग आहे: आधी आयडीएच आणि एटीआरएक्स या प्रथिनांची तुलनेने स्वस्त रंगतपासणी करावी; आयडीएचमध्ये बदल आहे पण एटीआरएक्स नाहीसं झालंय असं दिसलं, तर गाठ दुसऱ्या जातीची ठरते आणि गुणसूत्रांच्या महागड्या तपासणीची गरज सहसा उरत नाही. पॅथॉलॉजीत मेणाच्या ब्लॉकमध्ये जपलेल्या तुकड्यावर ही तपासणी नंतरही होऊ शकते, म्हणून दुसरीकडे जाताना रिपोर्टबरोबर तो ब्लॉकही मागून घ्यावा.